"टांकी खाली छे, काका!"

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या मागच्या अंगणात एक मॉरिस मायनर वीसेक वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. २०२३च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचा मेळा भरला, आणि तो बघून आलेल्या चुलतभावाच्या अंगात आलं. गाडी चालू करायचीच!

पहिलं काम टाकीचं. तिच्या तळाला ड्रेन प्लग असतो. तो काढला की शिळं पेट्रोल, पाणी आणि गंजाचा गाळ खाली येतो. (पाणी तळाशीच, कारण पेट्रोलची घनता त्याच्या पाऊणपट.) प्लग अडला होता. एरवी असा नट तापवून सैल करतात, पण इथे ज्योत नाही. तेल सोडलं, रात्रभर थांबलो, सकाळी नेमक्या मापाच्या पान्याने निघाला. टाकी निथळल्यावर तळाला बारीक भोक दिसलं. मिस्त्री लगेच म्हणाला, "टांकी खाली छे, काका! हमणां वेल्डिंग मारी दऊं." (टाकी रिकामी आहे, आत्ता वेल्डिंग मारून देतो.)

त्याला थांबवलं, ते का हे सांगायला हा लेख.

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते त्याची वाफ. तीही हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच. त्याहून कमी असली तर ज्वाला पुढे सरकत नाही, जास्त झाली तर ऑक्सिजन पुरत नाही. आता ताज्या पेट्रोलने भरलेली टाकी घ्या. बडोद्याच्या मे महिन्यात तिच्या वरच्या मोकळ्या जागेत जवळपास निम्मी वाफच असते. म्हणजे टाकीच्या पोटात पेट घ्यायला हवाच अपुरी. (तोंडाशी मात्र हवा मिसळत असते, तेव्हा काडी ओढून खात्री करू नका. शिळ्या पेट्रोलातले हलके घटक उडून गेलेले असतात, त्यामुळे तिथे भरलेल्या टाकीचीही हमी नाही.)

प्लग काढला की पेट्रोल उतरतं आणि त्याच्या जागी हवा शिरते. स्फोटाला जे कमी होतं, ते आपणच आत घातलं!

किती पेट्रोल मागे राहिलं तर धोका? टाकी ३० लिटरची धरू. त्याचे १.४ टक्के म्हणजे ०.४२ लिटर वाफ. खोलीच्या तापमानाला एक मोल वायू सुमारे साडेचोवीस लिटर जागा घेतो, म्हणून ही वाफ ०.०१७ मोल. रेणुभार १०० धरला तर १.७ ग्रॅम, म्हणजे सव्वादोन मिलीलिटर. वरच्या मर्यादेसाठी हाच हिशोब साडेबारा मिलीलिटरवर येतो. आकडेमोड नको असेल तर एवढंच धरा: अर्धा ते अडीच चहाचे चमचे. निथळलेल्या टाकीच्या सांध्यांत आणि गंजाच्या पापुद्र्यांत एवढं पेट्रोल सहज दडून बसतं.

ठिणगीही मोठी लागत नाही, पाव मिलीजूल ऊर्जा पुरते. थंडीत स्वेटर काढताना बोटाला चटका देणारी ठिणगी याच्या कितीतरी पट असते. म्हणून पेट्रोल प्लास्टिकच्या बादलीत नव्हे, धातूच्या डब्यात उतरवायचं आणि डबा तारेने गाडीच्या सांगाड्याला जोडायचा. वाफ हवेच्या तीन-चार पट जड. ती जमिनीलगत सरपटत खड्ड्यात साचते. तेव्हा गाडी उघड्यावर हवी, सर्व्हिसच्या खड्ड्यावर नको.

त्याच मिस्त्रीने बंपरला लिंबू-मिरची बांधली होती, आणि भावाने मायलेज वाढवणारं लोहचुंबक पेट्रोलच्या नळीवर. लिंबू निदान सरबताला येतं. पेट्रोलवर चुंबकाचा परिणाम इतका नगण्य की त्याने ज्वलन तसूभरही सुधारत नाही.

कोयलीच्या रिफायनरीत आयुष्य काढलेली माणसं आमच्या गल्लीत आहेत. टाकीतली वाफ मोजल्याशिवाय वेल्डिंगची ज्योत जवळ आणायची नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांच्याच सांगण्यावरून टाकी वाफारा देऊन धुणाऱ्याकडे पाठवली, भोक बुजवणारा डाग नंतर लागला.

प्लग परत बसवताना नवा तांब्याचा वायसर घेतला. जुना एकदा दाबला गेला की कडक होतो. लाल होईतो तापवला तर पुन्हा मऊ पडतो, पण हे गाडीपासून लांब, स्वयंपाकघरात. सरळ आट्यांचा प्लग वायसरवर बसून गळती थांबवतो, आट्यांवर नाही. म्हणून टेफ्लॉनची पट्टी गुंडाळायची नाही. तिचे तुकडे सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतात. भावाने तरीही एक वेढा मारलाच होता. तो मी काढला.