ड्रायव्हर बिघडत नाही, मागे राहतो

१० फेब्रुवारी २०२४ रोजी लिनक्सच्या डेबियन या वितरणाची १२.५ ही आवृत्ती आली. त्यात नवं असं काही नव्हतं. डेबियनच्या अशा 'पॉइंट रिलीज'मध्ये फक्त दुरुस्त्या आणि सुरक्षेचे ठिगळ असतात, त्यामुळे लोक ते डोळे मिटून बसवतात. पण एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आणि त्याचा बंदिस्त ड्रायव्हर असलेल्या मशीनवर हे अपडेट अर्ध्यातच अडकलं. कर्नेल (लिनक्सचा गाभा) ६.१.७६ साठी ड्रायव्हरचं मॉड्यूल (गाभ्यात चढवायचा तुकडा) तयार होईना, म्हणून पॅकेज व्यवस्थेने नव्या कर्नेलचं पॅकेज अर्धवट अवस्थेत सोडलं. रीस्टार्ट केल्यावर डेस्कटॉपऐवजी काळी स्क्रीन किंवा नुसता लॉगिनचा मजकूर दिसू लागला.

घडलं होतं ते मजेशीर आहे. मेमरीच्या एखाद्या पानाचा क्रमांक खरा आहे की नाही, हे सांगणारं एक छोटं फंक्शन कर्नेलमध्ये आहे: 'पीएफएन-व्हॅलिड'. त्यात एक जुनी चूक होती. एक प्रोसेसर ती माहिती वाचत असताना दुसरा ती पुसून टाकू शकत होता. ती दुरुस्त करताना फंक्शनच्या आत एक कुलूप घातलं गेलं. हे कुलूप कर्नेलने फक्त जीपीएल या मुक्त परवान्याच्या मॉड्यूलना वापरायला दिलेलं आहे. आणि 'पीएफएन-व्हॅलिड' हे 'इनलाइन' फंक्शन, म्हणजे जो कोणी ते वापरतो त्याच्या कोडमध्ये त्याचा मजकूर जसाच्या तसा चिकटवला जातो. एनव्हिडियाने आपल्या कोडमध्ये एक ओळसुद्धा बदलली नव्हती. तरी त्यांच्या मॉड्यूलच्या पोटात, परवाना नसलेलं कुलूप येऊन बसलं. बांधणीच्या शेवटच्या टप्प्यावर तपासणी करणाऱ्या 'मॉडपोस्ट'ने ते पकडलं आणि काम थांबवलं. डेबियनने पुढे ड्रायव्हरचं पॅकेज दुरुस्त करून दिलं. तोवर सोपा उपाय हाच होता: आधीच्या कर्नेलने मशीन सुरू करायचं.

ही घटना मुद्दाम आधी सांगितली, कारण अपडेटनंतर स्क्रीन गेली की 'ड्रायव्हर करप्ट झाला' असं म्हणून लोक सरळ सगळं काढून पुन्हा बसवायला घेतात. बहुतेक वेळा फायली ठणठणीत असतात. एक भाग पुढे गेलेला असतो आणि दुसरा मागे राहिलेला.

एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचे दोन अर्धे आहेत. एक कर्नेलच्या आत चालतो: 'एनव्हिडिया', 'एनव्हिडिया-मोडसेट', 'एनव्हिडिया-डीआरएम' आणि 'एनव्हिडिया-यूव्हीएम' ही चार मुख्य मॉड्यूल. दुसरा बाहेर चालतो: ओपनजीएल, व्हल्कन (चित्र काढण्यासाठी) आणि कुडा (गणनेसाठी) यांच्या लायब्ररी. या दोन अर्ध्यांची आवृत्ती शेवटच्या आकड्यापर्यंत सारखी लागते. शिवाय मॉड्यूल ज्या कर्नेलसाठी बांधलं, त्याच कर्नेलवर ते चढतं. लिनक्सने बाहेरच्या प्रोग्रॅमना शब्द दिला आहे की जुने प्रोग्रॅम नव्या कर्नेलवर चालतील. आतल्या मॉड्यूलना असा कुठलाही शब्द नाही, आणि तो जाणूनबुजून दिलेला नाही. प्रत्येक मॉड्यूलवर 'व्हरमॅजिक' नावाचा शिक्का असतो. तो चालू कर्नेलशी जुळला नाही तर मॉड्यूल आत घेतलं जात नाही. एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर कर्नेलच्याच घरात राहतात आणि त्याच्याबरोबरच बांधले जातात, म्हणून त्यांना हा त्रास जवळपास नाही. तिथे बिघडलंच तर बहुधा त्या कर्नेलमधली किंवा फर्मवेअरमधली चूक असते, आणि मागचा कर्नेल निवडला की काम भागतं.

बाहेरच्या मॉड्यूलची सोय म्हणून डेल कंपनीत 'डीकेएमएस' तयार झालं. ड्रायव्हरचा स्रोत मशीनवर ठेवायचा आणि नवा कर्नेल आला की त्याच्यासाठी मॉड्यूल आपोआप बांधायचं, एवढंच त्याचं काम. बांधणी फसली की आपली काळी स्क्रीन तयार. मग जुनाच साधा ड्रायव्हर का चालत नाही? कारण एनव्हिडियाचं पॅकेज बसताना 'नूवो' या मुक्त ड्रायव्हरला बंदी घालतं, दोघे एकाच कार्डावर भांडू नयेत म्हणून. एनव्हिडिया चढला नाही तरी बंदी कायम राहते, आणि कार्ड कोणाच्याच ताब्यात नसतं. कधी कधी तेव्हाही डेस्कटॉप येतो, पण रिझोल्यूशन भलतंच, दुसरा मॉनिटर गायब, पंखा सुसाट. तेव्हा चित्र काढायचं काम प्रोसेसर 'एलएलव्हीएमपाइप'च्या मदतीने करत असतो. लॅपटॉपमध्ये आणखी एक गंमत असते: स्वतःची स्क्रीन इंटेलच्या चिपवर नीट चालते आणि फक्त एचडीएमआयला लावलेला प्रोजेक्टर मुका राहतो, कारण बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते पोर्ट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेलं असतं.

आता मशीनमध्ये शिरायचं कसं? (पुढच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या अर्थातच रोमन लहान अक्षरांत.) आधी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून पाहा. मजकुराचा लॉगिन आला तर निम्मं काम झालं. नाही आला तर रीस्टार्ट करा. उबंटूत (डेबियनवर बेतलेलं वितरण) यूईएफआय मशीनवर सुरुवातीला एस्केप, जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून ग्रबचा (मशीन सुरू होताना कर्नेल निवडून देणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू आणा, 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जा आणि आधीचा कर्नेल निवडा. बहुतेक वेळा डेस्कटॉप जसाच्या तसा परत येतो, कारण जुन्या कर्नेलसाठी बांधलेलं मॉड्यूल अजून जागेवर असतं. जुना कर्नेलही साथ देत नसेल तर त्या ओळीवर 'ई' दाबा, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा, तिच्या शेवटी एक जागा सोडून 'नोमोडसेट' लिहा आणि एफ१० दाबा. चित्र ओबडधोबड दिसेल, पण दिसेल. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. काही जण तो कायमचा करून ठेवतात आणि मग ड्रायव्हर नीट झाला तरी मशीन संथच का, म्हणून महिनाभर डोकं खाजवतात.

आत गेल्यावर काहीही बसवू नका. आधी तीन आकडे वाचा. 'यूनेम -आर' चालू कर्नेल सांगतो. 'डीकेएमएस स्टेटस' सांगतो की एनव्हिडियाची कोणती आवृत्ती कोणत्या कर्नेलसाठी 'इन्स्टॉल्ड' आहे आणि कुठे नुसतीच 'अॅडेड' म्हणून थांबली आहे. तिसरा 'एनव्हिडिया-एसएमआय', आणि त्याची चूक काळजीपूर्वक वाचायची. 'ड्रायव्हरशी बोलता आलं नाही' अशा अर्थाचा संदेश असेल तर मॉड्यूल चढलेलंच नाही. 'ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच' असेल तर मॉड्यूल चढलंय, पण दोन अर्धे वेगळ्या आवृत्तीचे आहेत. हे दोन अगदी वेगळे आजार आहेत.

मिसमॅचचा सोपा. उबंटूचं 'अनअटेंडेड अपग्रेड्स' रात्रीतून लायब्ररी बदलतं, मेमरीत मात्र आधीचं मॉड्यूल तसंच राहतं. रीस्टार्ट करा, बहुतेकदा सुटेल. सर्व्हर बंद करता येत नसेल तर कार्ड वापरणारे सगळे प्रोग्रॅम थांबवून 'आरएमएमओडी'ने यूव्हीएम, डीआरएम, मोडसेट आणि शेवटी मूळ एनव्हिडिया या क्रमाने मॉड्यूल उतरवा. क्रम उलटा केला तर 'वापरात आहे' म्हणून नकार मिळतो. रीस्टार्टनंतरही तीच चूक येत असेल तर मॉड्यूलची जुनी प्रत इनिटरॅमएफएसमध्ये (मशीन सुरू होताना कर्नेलबरोबर मेमरीत चढणाऱ्या छोट्या गाठोड्यात) अडकली असण्याची शक्यता मोठी. 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' चालवून पुन्हा सुरू करा.

मॉड्यूल चढलेलंच नसेल तर खरं काम इथून पुढे आहे. सर्वांत सामान्य कारण हेडर नसणं. मॉड्यूल बांधायला त्या कर्नेलच्या हेडर फायली (त्याच्या फंक्शनची वर्णनं) लागतात, आणि बऱ्याच मशीनवर कर्नेल आपोआप पुढे जातो, हेडर मात्र एखाद्या जुन्या आवृत्तीला बांधलेले राहतात. चालायला हव्या त्या कर्नेलने मशीन सुरू करून:

सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-$(यूनेम -आर)
सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल

डेबियनच्या त्या घटनेसारखं पॅकेज अर्धवट राहिलं असेल तर त्यानंतर 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. पुढच्या वेळी हे होऊ नये म्हणून हेडरचं सर्वसाधारण पॅकेज बसवून ठेवा: उबंटूत 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक', एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठी दिलेला पुढचा) कर्नेल असेल तर त्याच्या जोडीचं.

हेडर असूनही बांधणी फसते तेव्हा उत्तर एका फायलीत असतं: /वार/लिब/डीकेएमएस/एनव्हिडिया/ या फोल्डरमध्ये आवृत्तीच्या नावाखाली 'बिल्ड' आणि त्यात 'मेक.लॉग'. फाइल लांब असते. खालून वर वाचू नका. शेवटी फक्त 'थांबलो' एवढंच लिहिलेलं असतं, म्हणून 'एरर' हा शब्द पहिल्यांदा कुठे येतो तिथे जा. उबंटू २२.०४ चा एचडब्ल्यूई कर्नेल ६.५ वर गेला तेव्हा या फाइलमध्ये 'एफट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट' नावाचा पर्याय ओळखता येत नाही, अशी ओळ यायची. ड्रायव्हरचा त्यात काही दोष नव्हता. कर्नेल जीसीसी या कंपायलरच्या (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) १२ व्या आवृत्तीने बांधलेला, आणि २२.०४ वर मुळात जीसीसी ११. नव्या कर्नेलने दिलेला पर्याय जुन्या कंपायलरला ठाऊकच नाही. 'जीसीसी-१२' बसवलं की त्याच डीकेएमएसने तेच मॉड्यूल मुकाट बांधलं. ज्यांनी लॉग न वाचता ड्रायव्हरच्या चार-चार आवृत्त्या बदलून पाहिल्या, त्यांनी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. कर्नेल कोणत्या कंपायलरने बांधला ते /प्रॉक/व्हर्जन या फाइलमध्ये लिहिलेलं असतं.

लॉगमध्ये कर्नेलच्या एखाद्या फंक्शनचे आर्ग्युमेंट जुळत नाहीत किंवा एखादं नाव सापडतच नाही अशा ओळी असतील, तर मात्र ड्रायव्हर खरोखरच त्या कर्नेलसाठी जुना आहे. मग नवी ड्रायव्हर आवृत्ती घ्या किंवा तोवर मागच्या कर्नेलवर राहा. 'उबंटू-ड्रायव्हर्स डिव्हाइसेस' तुमच्या कार्डासाठी सुचवलेली आवृत्ती दाखवतो. कार्ड जुनं असेल तर सगळ्यांत मोठा आकडा उचलू नका. केपलर पिढीसाठी ४७० ही शेवटची शाखा, आणि मॅक्सवेल, पास्कल, व्होल्टा यांच्यासाठी ५८०. म्हणजे लोकप्रिय जीटीएक्स १०५० किंवा १०६० वर त्यापुढचा ड्रायव्हर कितीही नीट बसवला तरी तो कार्डाला ओळखच दाखवणार नाही. उलट टोकाला, अगदी नव्या ब्लॅकवेल पिढीच्या कार्डांना एनव्हिडियाची 'ओपन' मॉड्यूलच लागतात. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नेलमधल्या अर्ध्याचा स्रोत खुला केला, तीच ही मॉड्यूल. ट्युरिंग पिढीपासून पुढे ती चालतात.

डीकेएमएस 'इन्स्टॉल्ड' म्हणतं आणि तरीही मॉड्यूल चढत नाही? 'सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया' करा. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' आलं तर सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेला कोड चढू न देणारी सोय) आड आलं आहे. बायोसच्या अपडेटनंतर ते गुपचूप पुन्हा चालू झालेलं असू शकतं. 'मोकयुटिल --एसबी-स्टेट' ते सांगतो. घरच्या मशीनवर ते बंद करणं हा एक मार्ग, पण चांगला मार्ग म्हणजे डीकेएमएस ज्या किल्लीने मॉड्यूलवर सही करतं ती मशीनला ओळखीची करून देणं. उबंटूत ती /वार/लिब/शिम-साइन्ड/मोक/ मध्ये 'मोक.डर' नावाने असते (या फाइलच्या नावातलं 'मोक' मात्र मोठ्या अक्षरांत). 'सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट' पुढे तिचा पत्ता द्या आणि एक तात्पुरता पासवर्ड ठरवा. रीस्टार्ट होताना निळी स्क्रीन येते आणि कुठलंही बटण दाबायला दहा सेकंद देते. 'एन्रोल मोक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. चहा आणायला उठलात तर हे सगळं पहिल्यापासून.

फेडोरा या वितरणात आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडारातला ड्रायव्हर डीकेएमएसऐवजी 'एकमॉड्स' वापरतो. ते मॉड्यूल पार्श्वभूमीत बांधतं आणि संथ मशीनवर पाचेक मिनिटं घेतं. अपडेट संपलं म्हणून लगेच रीस्टार्ट करणारे इथे फसतात. 'मॉडइन्फो -एफ व्हर्जन एनव्हिडिया' मध्ये आकडा दिसू लागेपर्यंत थांबायचं (इथला 'एफ' मात्र मोठा). आधीच फसला असाल तर 'सुडो एकमॉड्स --फोर्स'.

वेगळं बूट पार्टिशन असेल तर 'डीएफ -एच /बूट' एकदा पाहाच. जागा संपल्यामुळे इनिटरॅमएफएस अर्धवट लिहिलं गेलं, आणि दोष ड्रायव्हरच्या माथी आला, असं पुष्कळदा होतं. 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज' जुने कर्नेल काढून जागा करतो.

सगळं काढून नव्याने बसवायची वेळ खरोखर येते ती एकाच प्रकारात: एनव्हिडियाच्या साइटवरची '.रन' फाइल कधीतरी चालवलेली असेल आणि नंतर वितरणाचं पॅकेजही बसवलं असेल तर. '.रन'ने टाकलेल्या फायली पॅकेज व्यवस्थेला दिसतच नाहीत, त्यामुळे दोन आवृत्त्यांच्या लायब्ररी एकमेकींवर पाय देऊन उभ्या राहतात. आधी 'सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल', मग पॅकेजमधलं 'एनव्हिडिया' आणि 'लिबएनव्हिडिया' या दोन्ही नावांनी सुरू होणारं सगळं पर्ज, मग एकच सुचवलेलं पॅकेज. पर्ज करताना काय काय निघणार त्याची यादी पुढे येते. ती वाचा, त्यात 'उबंटू-डेस्कटॉप' दिसलं तर 'एन' दाबून बाहेर पडा.

ज्यांचं रोजचं काम या कार्डावर चालतं त्यांनी उबंटूत डीकेएमएसऐवजी 'लिनक्स-मॉड्यूल्स-एनव्हिडिया' या नावाने सुरू होणारी, आधीच बांधलेली आणि सही केलेली पॅकेज वापरावीत. कंपायलर, हेडर, किल्ली, तिन्ही भानगडी एकदम टळतात. 'एपीटी-मार्क होल्ड' लावून कर्नेल गोठवता येतो, पण तसं करून विसरणाऱ्या माणसाच्या मशीनवर सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात. त्यापेक्षा निदान एक चालता जुना कर्नेल ग्रबमध्ये ठेवा, आणि अपडेटनंतर रीस्टार्टच्या आधी एकदा 'डीकेएमएस स्टेटस' पाहा. नव्या कर्नेलच्या नावापुढे 'इन्स्टॉल्ड' नसेल तर रीस्टार्ट करू नका. चालू डेस्कटॉपवर बसून मेक.लॉग वाचणं काळ्या स्क्रीनवर वाचण्यापेक्षा कधीही बरं.