'शाबीत' म्हणजे किती? एका व्याख्येच्या दोन तराजूंची गोष्ट

लाचेच्या खटल्यात कारकून कोर्टातून सुटतो आणि त्याच प्रकरणात खात्यांतर्गत चौकशीत दोषी ठरून बडतर्फ होतो. बातमी वाचणाऱ्याला वाटते, कुठेतरी पाणी मुरतेय. बहुतेक वेळा तसे काही नसते. दोन्हीकडचे तराजू वेगळे असतात: कोर्टात गुन्हा वाजवी संशयापलीकडे शाबीत व्हावा लागतो, खात्याच्या चौकशीत शक्यतेचे पारडे झुकले की पुरते. मौज अशी की कायद्यात तराजू एकच लिहिलेला आहे.

१ सप्टेंबर १८७२ पासून लागू झालेल्या पुरावा कायद्याच्या कलम ३ प्रमाणे एखादी गोष्ट 'शाबीत' कधी होते? न्यायालयाची तशी खात्री पटली तर, किंवा ती असण्याचा संभव इतका दाट दिसला की शहाण्या माणसाने त्या परिस्थितीत ती आहे असे धरूनच चालावे. दिवाणी-फौजदारी असा भेद या व्याख्येत नाही. 'वाजवी संशयापलीकडे' हे शब्दही तिच्यात नाहीत. ते इंग्लंडमधल्या निकालांतून आपल्याकडे आले आणि इतके मुरले की ते कलमातच आहेत असे अनेकांना वाटते.

त्याआधीचा काळ थोडक्यात. याज्ञवल्क्यस्मृतीत लेख, भोगवटा आणि साक्षीदार ही प्रमाणे. साक्षीदारांत दुफळी पडली तर 'द्वैधे बहूनां वचनम्', म्हणजे बहुमताचे खरे. संख्या सारखी असेल तर गुणवानांचे. मराठेशाहीत गोतसभा (गावकरी-वतनदारांची न्यायसभा), महजर (त्या सभेच्या निर्णयाचा लेख) आणि त्यानेही न सुटले तर दिव्य. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, याला रवा काढणे म्हणत. पुरावा कोणत्या बाजूला किती झुकतो हा प्रश्न तिथे उरतच नसे, हात भाजला की नाही तेवढे बघायचे.

खरा गुंता झाला तो 'समाधान' या साध्या शब्दाचा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम २३ म्हणते की अमुक गोष्टींबद्दल न्यायालयाचे समाधान झाले तरच दाद मिळेल. समाधान कशाने व्हायचे? इंग्लंडमध्ये याच शब्दाचा अर्थ काही काळ 'वाजवी संशयापलीकडे' असा लावला जात होता, आणि आपल्याकडेही तोच गिरवला गेला. म्हणजे नवरा-बायकोच्या भांडणाला खुनाच्या खटल्याचे माप.

पुण्यातल्या एका जोडप्याचे प्रकरण इथे निर्णायक ठरले. लग्न १९५६ चे. पतीचा आरोप क्रूरतेचा: ऑफिसातून घरी यायच्या वेळेला दाराला कुलूप, रात्री दिवा लावून उशाशी बसून बोलत राहणे, घर पेटवून देण्याच्या धमक्या. उच्च न्यायालयाने पतीकडून संशयातीत पुरावा मागितला. १९ मार्च १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवले. फौजदारी खटल्यात माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागते म्हणून तिथे ते माप; निव्वळ दिवाणी वादात ते आणणे चूक. संभाव्यतेचे पारडे एका बाजूला झुकले की पुरे. शहाणा माणूसही परस्परविरोधी शक्यता तोलून असेच ठरवतो. त्या नव्या मापाने क्रूरता शाबीत झाली, तरी पती हरलाच, कारण नंतरच्या सहवासाने त्याने ती माफ केली असे न्यायालयाने धरले. तराजू बदलून घेणाऱ्याच्या पदरात काही पडले नाही. या निकालाची ही बाजू क्वचितच सांगितली जाते.

पारडे झुकणे म्हणजे '५१ टक्के' असे हल्ली सर्रास म्हटले जाते. मला ते खटकते. त्याच निकालात म्हटले आहे की मुद्दा जितका गंभीर, तितकी शक्यता बारकाईने तोलायची. टक्क्यांत हे बसत नाही.

फौजदारी बाजूलाही दोन निकालांची ओढाताण आहे, आणि दोन्ही खटले महाराष्ट्रातले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या निकालात संशयाच्या फायद्याच्या अतिरेकी भक्तीवर टीका झाली. सरकारी वकील तो भाग आजही वाचून दाखवतात. पण त्याच निकालात आरोपी दोषी 'असू शकतो' आणि 'असलाच पाहिजे' यांतले अंतर मोठे आहे, असेही वाक्य आहे. १९८४ मध्ये पुण्याच्याच एका विषप्रयोगाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच वाक्य उचलले, परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या घालून दिल्या आणि फाशीची शिक्षा झालेल्या पतीला सोडले. पत्नीने आत्महत्या केली असण्याची शक्यता पुसली गेली नव्हती, एवढे पुरले. शक्यता दाट असूनही दोष शाबीत होत नाही, हे इतके उघड क्वचितच दिसते.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या एका निकालानंतर न वटलेल्या धनादेशाच्या खटल्यात आणखी एक वळण स्पष्ट झाले. तिथे देणे होते असेच कायदा गृहीत धरतो, पण ते खोडायला आरोपीला पारडे आपल्याकडे झुकवणे पुरते. एकाच खटल्यात दोन मापे.

१ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी नवा साक्ष अधिनियम आला. व्याख्या कलम २ मध्ये गेली, शहाणा माणूस मात्र तोच राहिला.

'संशयाचा फायदा' हा शब्द आपल्या भाषेत उगाच मेहरबानीसारखा वाजतो. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात सुटका म्हणजे सुटका. 'सन्मानपूर्वक सुटका' असा वेगळा प्रकार त्यात नाही. तरी नोकरीच्या वादांत निकालपत्रात 'संशयाचा फायदा' लिहिले आहे की 'सन्मानपूर्वक', हे भिंग लावून वाचले जाते. म्हणून सुटलेल्या कारकुनाचा वकील निकालाची नक्कल हातात पडली की शेवटचे पान आधी उघडतो.