स्वयंचलित गिअरबॉक्सची तेलगळती

ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समधले तेल (एटीएफ) सील, पॅकिंग, ओ-रिंग किंवा तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळीतून बाहेर येणे म्हणजे ही गळती. हाताने गिअर टाकायच्या गाडीत गिअरबॉक्सचे तेल मुख्यतः वंगणाचे काम करते. इथे मात्र त्याच तेलाच्या दाबाने क्लच पकडतात, टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाने जोडणाऱ्या भागातून) ताकद पुढे जाते आणि उष्णताही तेच वाहून नेते. पातळी लिटरभर उतरली, तर पंप हवा ओढू लागतो, गिअर उशिरा लागतो, चढावर इंजिन नुसते घोंघावते आणि घसरणाऱ्या क्लचप्लेटा जळतात. एक थेंब ०.०५ मिलि धरला, तर मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला ७२ मिलि, आठवड्याला अर्धा लिटर. ‘थोडंसं टपकतं, चालतंय’ हा हिशेब इथे फसतो.

पुण्यात १९९५ पासून मर्सिडीजची डब्ल्यू १२४ ई-क्लास जोडली जाऊ लागली. त्या आणि नंतरच्या पिढ्यांच्या मर्सिडीज, होंडा सिव्हिक, टोयोटा कोरोला अशा जुन्या ऑटोमॅटिक गाड्या शहरात अजून दिसतात. सिंहगड रस्त्यावरची रांगती वाहतूक आणि कात्रज, खंबाटकीचे चढ यांत तेल तापते. वर्षानुवर्षे तापून सीलचे रबर कडक होते आणि त्याची धार शाफ्टला चिकटून राहत नाही. अवाढव्य गतिरोधकांवर चेंबर (गिअरबॉक्सच्या तळाचे तेलाचे भांडे) घासून त्याची कड वाकते, हे वेगळेच.

आधी गळणारे तेल कोणते ते ठरवावे. बहुतेक एटीएफ नवे असताना लाल असते, जुने झाल्यावर तपकिरी होते. जळले असल्यास करपट वास येतो. इंजिन ऑइल काळपट असते, कूलंट हाताला चिकट आणि वासाला गोडसर, तर एसीचे पाणी निव्वळ पाणी. फसवते ते पॉवर स्टिअरिंगचे तेल, कारण अनेक गाड्यांत तेही लाल एटीएफच असते. म्हणून दोन्हींची पातळी पाहूनच निदान करावे.

तेल जिथे टपकते तिथून ते गळत असतेच असे नाही. चालत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो आणि वजनाने ते खाली उतरते. बरेचदा चेंबरचे पॅकिंग बदलले जाते आणि खरा दोष वरच्या नळीत राहतो. त्यामुळे गिअरबॉक्स डिग्रीझरने धुऊन पूर्ण कोरडा करावा, गाडी १५-२० किमी चालवावी आणि घोडीवर घेऊन सर्वांत वरची, सर्वांत पुढची ओली जागा शोधावी. संशयाच्या सांध्यावर टाल्कम पावडर भुरभुरली, तर तेलाची वाट स्पष्ट दिसते. रात्रभर खाली पुठ्ठा ठेवून पुढच्या चाकांच्या जागा त्यावर आखल्या, तर डागावरून भागाचा अंदाज येतो.

गळती कधी होते, हेही बोलके असते. इंजिन चालू असतानाच गळत असेल, तर कूलरची नळी किंवा पंपाचा पुढचा सील पाहावा. गाडी आठवडाभर उभी राहिल्यावर गळत असेल, तर कन्व्हर्टरमधले तेल चेंबरमध्ये उतरून पातळी वाढलेली असते आणि ते गिअरच्या दांड्याला जोडलेल्या सिलेक्टर शाफ्टच्या सीलमधून किंवा पॅकिंगच्या कडेने बाहेर पडते. बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडावरच्या कवचाच्या) तळाशी लाल तेल असल्यास कन्व्हर्टरचा सील, काळे असल्यास इंजिनाच्या क्रँकचा मागचा सील. जमिनीवर थेंबही नाही, तरी तेल कमी होते आणि धूर पांढरट येतो, तेव्हा व्हॅक्यूम मॉड्युलेटरचा (इंजिनाच्या खेचीनुसार गिअरबॉक्समधला दाब ठरवणाऱ्या भागाचा) पडदा फाटून इंजिनच तेल ओढत असू शकते. डब्ल्यू १२४च्या गिअरबॉक्सला तो असतो. पाच गिअरच्या मर्सिडीजमध्ये (७२२.६) विजेच्या १३ पिनांच्या जोडणीतली ओ-रिंग गळते आणि तेल वायरिंगमधून चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत पोहोचते. सुटा भाग अगदी किरकोळ. दुर्लक्षाची किंमत मात्र किरकोळ नाही.

पॅकिंग बदलताना तेल कोमट असावे, उकळते नको. ड्रेन नट नसेल, तर एका बाजूचे बोल्ट ढिले करून चेंबर तिरपा करावा. निघालेले तेल मापून ठेवावे. चेंबरमधल्या लोहचुंबकावर बारीक करडा लेप असणे सामान्य. धातूचे कण किंवा चकत्या असतील, तर प्रश्न सीलच्या पलीकडचा आहे. बोल्टच्या भोकांभोवती आत दबलेला पत्रा लाकडी ठोकळ्यावर हातोडीने सपाट करावा, नाहीतर नवे पॅकिंगही गळणारच. रबरी किंवा कॉर्क पॅकिंग कोरडेच बसवावे. सिलिकॉनचे सुटलेले तुकडे फिल्टरमध्ये अडकतात. चेंबरचे सहा मिमीचे बोल्ट मधून बाहेर, आलटून-पालटून, साधारण १० न्यूटन-मीटरने आवळावेत, मात्र नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतला घ्यावा. लांब पाना लावून ‘जरा अजून’ आवळले की अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात.

ड्राइव्ह शाफ्टचा सील बदलताना जुन्या सीलने शाफ्टवर खाच पाडली आहे का ते नखाने तपासावे. खाच असेल, तर नवा सील फार टिकत नाही. कन्व्हर्टरच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तेव्हा पंपाचा बुश झिजलेला दिसला, तर तोही बदलावा. परत बसवताना कन्व्हर्टर फिरवत आत दाबला की टप्प्याटप्प्याने खाली बसतो. तो पूर्ण न बसता बेल हाउसिंगचे बोल्ट आवळले, तर पंप फुटतो. कूलरची नळी गळत असेल, तर इंधनाचा पाइप वापरू नये, तेलाला आणि उष्णतेला टिकणारीच नळी घ्यावी. सील फुगवणारे ‘लीक स्टॉप’ औषध कडक झालेल्या सीलवर काही काळ काम करते; खाचेवर किंवा फाटलेल्या पॅकिंगवर त्याचा उपयोग नाही.

रेडिएटरमधला कूलर आतून फुटला, तर पाणी मिसळून तेल दुधाळ गुलाबी होते. पाणी क्लचप्लेटांचा गोंद उखडते, म्हणून अशी गाडी चालवून नेऊ नये, ओढूनच न्यावी.

तेल त्याच प्रतीचे भरावे. सीव्हीटीचे (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे) तेल वेगळे असते. एकदा सोडल्यावर सगळे तेल निघत नाही, बरेचसे कन्व्हर्टरमध्येच राहते. आधी मापाइतके भरून नंतर पातळी पाहावी: कोरोलात तेल गरम, इंजिन चालू, गिअर ‘पी’मध्ये, सिव्हिकमध्ये मात्र इंजिन बंद केल्यावर ६० ते ९० सेकंदांत. ही पद्धत चुकली की तेल जास्त भरले जाते, त्यात फेस होऊन ते गिअरबॉक्सच्या श्वासनळीतून (हवा जाण्याच्या नळीतून) बाहेर येते आणि गळती बरी झालीच नाही असे वाटते. नाना पेठेत सील मिळतात. मापासाठी जुना सील सोबत नेण्यापेक्षा त्यावर छापलेले आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडीचे आकडे लिहून न्यावेत, कारण झिजलेल्या सीलचे माप फसवते. काढलेले तेल २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात न ओतता बंद डब्यात भरून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी द्यावे.