व्हिसाच्या अर्जातले प्रश्न आले कुठून?

व्हिसाचा अर्ज भरताना नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांकापर्यंत कुणी अडत नाही. पुढे ‘प्रवासाचा उद्देश’ येतो आणि पर्यटन, व्यवसाय, शिक्षण, नोकरी, कुटुंबभेट, ट्रान्झिट अशी भलीमोठी यादी उघडते. परिषदेला जायचं आहे, जमलं तर चार दिवस फिरायचं आहे, आणि सख्खी बहीणही तिकडेच राहते. मग यातलं निवडायचं काय? त्यानंतर खर्च कोण करणार, परत कधी येणार, परत येणारच याला पुरावा काय, अशी सरबत्ती सुरू होते. हे प्रश्न कुणी एका बैठकीत ठरवलेले नाहीत. सव्वाशे-दीडशे वर्षांत, वेगवेगळ्या सरकारांना वेगवेगळ्या वेळी वाटलेल्या भीतीतून ते एकेक करून अर्जात येऊन बसले.

व्हिसा हा शब्द लॅटिनमधला. ‘कार्टा विसा’ म्हणजे पाहिलेला कागद. जुन्या मराठी कागदपत्रांत ज्याला दस्तक म्हणत, तसा वाटेचा परवाना प्रवाशाजवळ असे आणि अधिकारी त्यावर ‘पाहिला’ एवढी नोंद करी. एकोणिसाव्या शतकात रेल्वे धावू लागली. गाडीभर माणसांचे कागद सीमेवर तपासत बसणं आवाक्याबाहेर गेलं, आणि पश्चिम युरोपातल्या बऱ्याच देशांनी पासपोर्टची सक्ती सोडून दिली. रशिया आणि ऑटोमन साम्राज्य मात्र कागद मागतच राहिले. त्या काळाचं वर्णन ‘बिनापासपोर्टचं जग’ असं हळव्या सुरात केलं जातं. पण ती मोकळीक सगळ्यांना नव्हती.

उद्देशाच्या प्रश्नाचं एक मूळ याच काळात सापडतं. अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा केला. व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी आणि प्रवासी यांना त्यातून सूट होती. मग समोर उभा असलेला माणूस मजूर की व्यापारी, हे ठरवायचं कसं? त्यासाठी त्याने आपल्या सरकारकडून प्रमाणपत्र आणायचं, आणि १८८४ च्या दुरुस्तीनंतर त्यावर निघण्याच्या ठिकाणच्या अमेरिकी वकिलातीची सहीही घ्यायची. निघण्याआधीची तपासणी आणि ‘तू कोण, कशासाठी येतोस’ हा सवाल, आजच्या अर्जाचे हे दोन्ही कणे इथे एकत्र दिसतात. आणि मुळाशी होता उघड वंशभेद, हे विसरता येत नाही.

पहिल्या महायुद्धाने ही पद्धत सगळ्यांना लागू केली. हेर शिरतील, सैन्यात जायच्या वयाचे तरुण पळून जातील, या धास्तीने सरकारांनी पासपोर्ट आणि व्हिसा सक्तीचे केले. अमेरिकेत १९१७ मध्ये परराष्ट्र खातं आणि कामगार खातं यांनी मिळून तसा आदेश काढला. परराष्ट्र खात्याचा वाणिज्यदूत परदेशात कागद पाहणार आणि स्थलांतर विभागाचा अधिकारी, जो तेव्हा कामगार खात्याकडे होता, बंदरावर माणूस पाहणार, अशी ही विभागणी. व्हिसा हातात असूनही प्रवेशाची खात्री का नसते, याचं उत्तर या दोन दारांत आहे. अमेरिकेच्या व्हिसावर छापलेली मुदत ही दार ठोठावण्याची शेवटची तारीख असते. आत किती दिवस राहायचं ते दारावरचा अधिकारी ठरवतो. या दोन तारखांची गल्लत आजही कित्येकांना महागात पडते.

युद्ध संपल्यावर हा ताप जाईल, असं लोकांना वाटत होतं. राष्ट्रसंघाने १९२० मध्ये पॅरिसला पासपोर्ट परिषद भरवली, १९२६ मध्ये जिनिव्हाला पुन्हा भरवली. पासपोर्टचा एकसारखा नमुना सुचवला गेला, सक्ती मात्र कायम राहिली. तात्पुरत्या म्हणून आलेल्या गोष्टी सरकारी दफ्तरात मुरतात, त्यातलाच हा प्रकार.

मग आला कोटा. १९२१ च्या अमेरिकी कायद्याने मुख्यतः युरोपातल्या एकेका देशातून वर्षाला किती माणसं घ्यायची याची मर्यादा घातली, आणि कोणत्याही एका महिन्यात वर्षाच्या कोट्यापैकी वीस टक्क्यांहून जास्त माणसं घ्यायची नाहीत, असंही ठरवलं. मोजणी होई ती बंदरावर. परिणाम असा की महिना संपत आला की प्रवासी जहाजं न्यूयॉर्कच्या बंदराबाहेर ताटकळत आणि रात्री बाराच्या ठोक्याला आत शिरायला शर्यत लावत. मागे पडलेल्या जहाजातल्या माणसांनी घरदार विकलेलं असे, आणि त्यांना तसंच परत जावं लागे. १९२४ च्या कायद्याने मोजणी वकिलातीच्या टेबलावर नेली: आधी व्हिसा, मग जहाज. व्हिसा नसलेला स्थलांतरित आणला तर जहाज कंपनीला माणशी १,००० डॉलर दंड. आज विमानतळावर चेक-इनचा कर्मचारी आपला व्हिसा इतक्या बारकाईने पाहतो तो याच धाकाच्या परंपरेमुळे.

व्हिसाच्या नावांतली अक्षरं कुठून आली, हेही पाहण्यासारखं आहे. बी-१, एफ-१, एच-१बी ही नावं ऐकून त्यामागे काही सांकेतिक अर्थ असेल असं वाटतं. तसं काही नाही. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात तात्पुरत्या येणाऱ्यांचे प्रकार एकाखाली एक, अक्षरांच्या क्रमाने मांडले होते. ए म्हणजे राजनैतिक अधिकारी, बी पाहुणे, सी वाटेतले प्रवासी, डी जहाजाचे खलाशी. विद्यार्थ्यांच्या वाट्याला एफ आलं, तात्पुरत्या कामगारांच्या वाट्याला एच, पत्रकारांच्या वाट्याला आय. पुढे गरज पडेल तशी जे, के, एल अशी शेपटी वाढत गेली. एच-१बी हा विशेष कौशल्याच्या नोकऱ्यांसाठीचा, आजच्या रूपातला प्रकार १९९० चा.

त्याच कायद्यातलं कलम २१४(बी) अर्जदारांना तोंडपाठ असतं, कारण नकाराच्या पत्रावर बहुतेकदा तेच लिहिलेलं असतं. प्रत्येक अर्जदार कायमचा राहायलाच निघालाय असं अधिकाऱ्याने गृहीत धरायचं. तसं नाही हे पटवायचं काम अर्जदाराचं. नोकरी, घर, शेत, कुटुंब यांचे कागद मागतात ते यासाठी. कायम वास्तव्याचा इरादा असला तरी चालेल, अशी सवलत एच-१बी आणि एल (कंपनीच्या परदेशी शाखेतून बदलीवर येणारे) या प्रकारांना १९९० मध्ये मिळाली. म्हणून चुकीचा प्रकार निवडला तर खरी माहितीसुद्धा अंगाशी येते. पर्यटक व्हिसाच्या खिडकीवर ‘तिकडे नोकरीही बघीन म्हणतो’ असं प्रामाणिकपणे सांगणाऱ्याचा अर्ज तिथेच संपतो.

ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे तिसऱ्या देशाला जाताना वाटेतल्या देशासाठी लागणारा व्हिसा, याची साधी अट अशी की पुढच्या देशात प्रवेश मिळणार आहे, हे आधी दाखवा. या अटीवर १९४० च्या उन्हाळ्यात हजारोंचे प्राण टांगलेले होते. लिथुएनियातल्या काउनास शहरात अडकलेल्या ज्यू निर्वासितांना बाहेर पडायला वाट होती ती रशिया आणि जपानमार्गे. पण अंतिम मुक्काम कुठला दाखवायचा? तिथले डच प्रतिनिधी यान झ्वार्टेनडाइक यांनी त्यांच्या कागदांवर लिहून दिलं की कुरासाओ आणि सुरिनाम या डच वसाहतींत जायला व्हिसा लागत नाही. खरं होतं ते. तिथे उतरायला गव्हर्नरची परवानगी लागते, हे पुढचं वाक्य तेवढं त्यांनी गाळलं. त्या नोंदीच्या आधारावर जपानी वाणिज्यदूत चिउने सुगिहारा यांनी दोन हजारांहून अधिक ट्रान्झिट व्हिसा हाताने लिहिले. कुरासाओला जाण्याचा बेत बहुतेकांचा नव्हताच. नियमाच्या चौकटीत राहून नियमाला वळवण्याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

युरोपने उलटी वाट धरली. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावापाशी, मोझेल नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी आपसांतल्या चौक्या उठवायचा करार केला. प्रत्यक्षात चौक्या उठल्या २६ मार्च १९९५ ला, सात देशांत. आतल्या भिंती गेल्या की कुठल्याही दारातून आलेला पाहुणा घरभर फिरणार. मग दार कुणी उघडायचं? त्यातून नियम आला: जिथे जास्त दिवस राहणार किंवा जिथे मुख्य काम आहे, त्या देशाकडे अर्ज करा, तेही ठरत नसेल तर जिथे पहिलं पाऊल टाकणार त्याच्याकडे. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करणारे अडकतात ते इथे.

कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, हा तिथला हिशेब. पूर्वी प्रवासी आणि अधिकारी दोघंही पासपोर्टची पानं उलटून, पुसट शिक्के वाचून बोटांवर दिवस मोजत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर शिक्क्यांच्या जागी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. दिवसांची बेरीज आता संगणक करतो, आणि एक दिवस जास्त झाला तरी तो त्याच्या नजरेतून सुटत नाही.