नागपूरकर फिरायला तलावावरच का जातो?

नागपुरात पाहुणे आले आणि घरात दोन-चार लहान मुलं असली की संध्याकाळचा बेत ठरायला वेळ लागत नाही. फुटाळा, अंबाझरी, नाहीतर गांधीसागर. समुद्र इथून शेकडो कोस दूर, शहरातून वाहणाऱ्या नाग नदीला नदी म्हणायला आता धीर लागतो, तरी या गावाची फिरण्याची हौस पाण्याकाठीच भागते. याचं मूळ नळाच्या इतिहासात आहे. यांतला एकही तलाव मुलांना भेळ खाऊ घालण्यासाठी कुणी बांधला नव्हता. गावाने आणि बागांनी आधी त्यांचं पाणी वापरलं. दुसरीकडून पाणी मिळायला लागलं, तेव्हा लोक त्यांच्या काठावर फिरायला आले.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंदशहा याने १७०२ च्या सुमारास बारा लहान वस्त्या जोडून नागपूर वसवलं. त्याच्यामागून चांद सुलतानने राजधानीच इथे हलवली, गावाला तट घातला आणि पाणी अडवून तलाव केला. तोच जुम्मा तलाव. जुम्मा म्हणजे शुक्रवार, म्हणून पुढे तो शुक्रवारी तलाव झाला आणि नंतर गांधीसागर. तटाचा जुम्मा दरवाजाही असाच गांधी गेट झाला. महाल भागातली जुनी माणसं मात्र रिक्षावाल्याला अजून जुम्मा तलावच सांगतात, आणि रिक्षावाल्यालाही तेच कळतं.

या तलावाच्या मधोमध बेट आहे, त्यावर छोटी बाग आणि शंकराचं देऊळ. लहानपणी त्या बेटावर जायचं म्हणजे परदेशी गेल्यासारखं वाटायचं. काठावर १८७७ मध्ये टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढची सव्वाशे वर्षं अर्ध्या शहराची घड्याळं तिच्या भोंग्यावर लावली गेली. मिल गेली, तिथे मॉल आणि टॉवर आले. शेजारी रामन विज्ञान केंद्र १९९२ मध्ये उघडलं, १९९७ मध्ये त्याला तारांगणाची जोड मिळाली. शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी सरकारी अर्थखात्यात असताना काही काळ नागपुरात नोकरी केली होती, एवढाच त्यांचा या गावाशी धागा. पण विदर्भातल्या शाळांच्या सहलींना तो पुरला. डायनासोरच्या पुतळ्याखाली काढलेला वर्गाचा फोटो नाही, असं नागपूरच्या परिसरात शिकलेलं माणूस विरळा.

गोंडांनंतर भोसले आले आणि त्यांच्याबरोबर बागा. अठराव्या शतकाच्या मध्यावर पहिल्या रघुजींनी नागपूर ताब्यात घेतलं, आणि पुढच्या शंभर वर्षांत तुळशीबाग, सक्करदरा, सोनेगाव, तेलंगखेडी, महाराजबाग अशी राजघराण्याची हिरवी ठिकाणं शहराभोवती उभी राहिली. यांतल्या बऱ्याच ठिकाणी बागेला लागून तलाव आहे. ते उघडच होतं. या हवामानात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पाणी साठवल्याशिवाय इथे गुलाब काय, गवतसुद्धा टिकत नाही. फुटाळा हा तेलंगखेडीच्या बागेचा तलाव. आज नाव फुटाळ्याचं झालंय आणि बाग मागे पडलीय.

राजांच्या या बागांत सामान्य घरातली माणसं कधीपासून जायला लागली, याची नेमकी तारीख सांगणं कठीण. पण निमित्त काय होतं, ते मी आजीकडून ऐकलेलं आहे: आवळीभोजन. कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली जेवायचं, त्याने पुण्य लागतं. त्यामुळे घरच्या बायकांना डबे बांधून, मुलंबाळं घेऊन दिवसभर बाहेर राहायला कुणाची परवानगी मागावी लागत नसे. एरवी चूल सोडून दुपारी बागेत बसलेली सून चालली नसती. पुण्याच्या नावाखाली चालायची. आजच्या पिकनिकची खरी पणजी ही.

मुलांचा खास दिवस मात्र भोसल्यांच्याच खात्यावर मांडला जातो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा: लाकडी बैल सजवायचा, त्याला दोरी बांधून घरोघर न्यायचं आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायचा. दुसऱ्या रघुजींनी १८०६ मध्ये लहान मुलांसाठी ही प्रथा सुरू केली, असं नागपुरात सांगितलं जातं. नागपूर परिसराबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगताना फार वेळ जातो, आणि बोजारा म्हणजे काय हे तर पुण्याच्या पाहुण्याला दर वर्षी नव्याने सांगावं लागतं.

१८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर दोन दिवस लढाई झाली, भोसले हरले, आणि टेकडीवर इंग्रजांचा किल्ला उभा राहिला. आज तो लष्कराकडे आहे. आम्हाला तो उघडा सापडायचा तो वर्षातून मोजक्या दिवशी: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. झेंडावंदनाची जिलेबी हातात, पांढरा शाळेचा गणवेश अंगात आणि बर्डीवरून वळसे घेत गेलेली रांग. गांधीजींची म्हणून जी कोठडी दाखवतात, तिच्यासमोर सगळे क्षणभर थांबायचे आणि मग बुरुजावरून आपलं घर दिसतं का ते शोधायचे.

१८५३ मध्ये तिसरे रघुजी वारस न ठेवता गेले, डलहौसीने राज्य खालसा केलं, आणि १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी बनलं. राजधानी म्हटलं की साहेबाला दोन गोष्टी लागतात, संग्रहालय आणि पाणीपुरवठा. संग्रहालय आधी आलं. १८६३ चा सेंट्रल म्युझियम. गावाने त्याला एका दिवसात नाव दिलं असावं: अजब बंगला. बंगलाही होता आणि आत सगळं अजबच होतं. सरकारी पाटीवर काहीही लिहिलं असलं तरी आजही मुलाला ‘चल, म्युझियम बघू’ म्हटलं तर तो तोंड वाकडं करतो. ‘अजब बंगल्यात जाऊ’ म्हटलं की चपला घालतो.

त्याच वर्षाची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश मिशनरी नागपुरात होते. शाळा चालवायचे आणि उरलेल्या वेळात दगड, जीवाश्म, गोंडांच्या कहाण्या गोळा करायचे. सप्टेंबर १८६३ मध्ये ते टाकळघाटजवळची शिलावर्तुळं बघायला गेले. परतताना रात्र झाली, पावसाने नाला फुगला होता, आणि घोड्यावरून तो ओलांडताना ते बुडाले. त्यांच्या नावाचं कॉलेज सगळ्या शहराला ठाऊक आहे, पण ते ज्या दगडांपायी गेले ते बघायला कुणी जात नाही. खरं तर ही शिलावर्तुळं नागपूरच्या भोवती पसरलेली आहेत. काटोल रोडवर शहर संपतं न संपतं तोच जुनापाणी लागतं. तिथे मोठाल्या धोंड्यांची वर्तुळं, त्यांतल्या काही दगडांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे खळगे. ही लोहयुगातल्या माणसांची दफनं. लोखंडाची हत्यारं आणि मातीची भांडी त्यांच्या सोबत ठेवलेली. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात इथे खोदकाम केलं, १९६१ मध्ये पुरातत्त्व खात्याने पुन्हा केलं. ना तिकीट, ना झोके, ना आइस्क्रीमची गाडी. माझ्या मते आठ-दहा वर्षांच्या मुलाला नेण्याजोगी याहून चांगली जागा जवळपास नाही. सोबत पाणी आणि टोपी न्या, सावली मिळणार नाही.

महाराजबागेचं प्राणिसंग्रहालय १८९४ चं. पुढे बाग कृषी महाविद्यालयाकडे आली, म्हणून वाघाच्या पिंजऱ्याच्या पलीकडे अजून शेतीचे प्रयोग दिसतात. शहराच्या मधोमध असल्यामुळे चार पिढ्यांनी पहिला वाघ इथेच पाहिला. पिंजऱ्यांची दशा बघून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २०१८ मध्ये त्याची मान्यता काढली होती, आणि प्रकरण कोर्टात गेलं. मान्यता काढणाऱ्यांचं चूक नव्हतं. तरीही बातमी वाचून ज्यांना वाईट वाटलं त्यांत मी होतो.

झिरो माइलबद्दल थोडंसंच. हा भारताचा मध्यबिंदू, असं प्रत्येक नागपूरकर बाप आपल्या मुलाला सांगतो. तो दगड १९०७ चा, सर्वेक्षण खात्याने समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवण्यासाठी रोवलेला. खांबावर हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल अशी अंतरं कोरली आहेत. मध्यबिंदूची गोष्ट लोकांनी प्रेमाने जोडली. खांबाजवळचे चार दगडी घोडे छान आहेत, फोटो काढा.

आता पुन्हा पाण्याकडे. राजधानी झाल्यावर वस्ती वाढली, जुम्मा तलाव आणि विहिरी पुरेनात. पश्चिमेला नाग नदीच्या वरच्या अंगाला अंबाझरीचा तलाव होता. १८७० च्या सुमारास त्याची पाळ उंचावून शहराला नळाने पाणी देण्याची सोय झाली. तेही पुरेना, तेव्हा १९१२ मध्ये वायव्येला गोरेवाड्याचा तलाव पाणीपुरवठ्यासाठी तयार झाला. नंतर कन्हान नदीचं पाणी आलं, मग पेंचचं. जसजसं पाणी लांबून येऊ लागलं तसतसे जवळचे तलाव मोकळे झाले. १९५८ मध्ये अंबाझरीच्या पाळीला लागून महापालिकेने उद्यान केलं, आणि तिथून या तलावाची दुसरी नोकरी सुरू झाली: होडी, घसरगुंडी, रविवारची गर्दी.

जे तलाव जुन्या गावाच्या पोटात होते त्यांना ही दुसरी नोकरी मिळाली नाही. लेंडी तलावाचं बघा. कडेने घरं सरकत सरकत आली आणि तलाव कोपऱ्यात गेला. पश्चिमेचे तलाव वाचले याचं एक कारण असंही आहे की त्या बाजूला सरकारी जमीन, लष्करी कारखाना, विद्यापीठ आणि साहेबांचे बंगले होते. तिथे झोपडी उठायला जागाच नव्हती. फुटाळ्याचा सूर्यास्त इतका मोकळा दिसतो तो त्यामुळे.

पण फिरायला गेलेल्या माणसाला एक गोष्ट विसरायला होते की पाळ म्हणजे धरण आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत प्रचंड पाऊस झाला, अंबाझरी भरून वाहिली, आणि खालच्या वस्त्यांत माणसं झोपेत असताना पाणी शिरलं. जीवही गेले. सांडव्यासमोर उभारलेल्या स्मारकामुळे पाण्याची वाट अडली का, हा प्रश्न तेव्हापासून कोर्टात आणि चहाच्या टपरीवर सारखाच गाजला. त्याआधी उद्यानातलं आंबेडकर सांस्कृतिक भवन पाडल्यावरून लोक दीर्घकाळ आंदोलनाला बसले होते. फुटाळ्यावरही तेच. संगीत कारंज्याच्या चाचण्या २०२२ मध्ये झाल्या, लोक बॅरिकेडवर चढून बघायला आले, आणि मग भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मुद्दा काय, तर माणसाने बांधलेला तलाव पाणथळ जागेच्या नियमांत बसतो का. भोसल्यांनी बांधला नसता तर प्रश्नच नव्हता.

शहराबाहेरच्या सहलींचा नमुनाही फार वेगळा नाही, फक्त पाण्याशेजारी देव असतो. रामटेकच्या गडावर वाकाटक राजांपासूनची देवळं आहेत. जवळच्या नगरधनला त्यांची राजधानी नंदिवर्धन होती. मुलांना त्याचं काही नसतं. गडावरची माकडं आणि खिंडसीची बोट, एवढ्यासाठी ती येतात. खिंडसीचा तलाव इंग्रजी अमदानीत धानाच्या शेतीला पाणी देण्यासाठी बांधलेला. अदासाचा गणपती, चंद्रभागेकाठी धापेवाड्याचा विठोबा, कोराडीची जगदंबा, इथे जायचं ते रोडग्यांच्या स्वयंपाकाला. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, तुपात भिजलेलं वरण. पुरुष आर सांभाळतात आणि त्या एका दिवसाच्या बळावर वर्षभर आपल्याला स्वयंपाक येतो असं सांगतात.

पूर्वी यातल्या कित्येक सहली छोटी लाइनने व्हायच्या. सावनेरवरून छिंदवाड्याकडे जाणारी अरुंद रुळांची गाडी २०१५ मध्ये बंद पडली, उमरेड-नागभीडची २०१९ मध्ये. ती बघायची तर कामठी रोडवरच्या नॅरोगेज संग्रहालयात जावं लागतं, २००२ पासून ते तिथे आहे. मुलं इंजिनवर चढतात. आजोबा बाहेरच्या बाकावर बसून कुठलं स्टेशन कुठल्या स्टेशनानंतर यायचं ते मोजतात आणि एखादं चुकतात.

गोरेवाडा तेवढा दोन्ही नोकऱ्या एकदम करतोय. पाणलोट सांभाळायचा म्हणून भोवतालचं जंगल राखलं गेलं, आणि राखलेलं जंगल होतं म्हणूनच २६ जानेवारी २०२१ ला तिथे सफारी उघडता आली. बस झाडीतून जाते, खिडकीशी चिकटलेली मुलं वाघ दिसेपर्यंत कुणाचं ऐकत नाहीत, चितळांना तर मोजतच नाहीत. पेंचहून आलेलं पाणी जवळच्याच केंद्रात शुद्ध होत असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या नळाला येतं, बहुधा मुलांच्या शाळेच्या वेळेलाच.