चालता-बोलता मुखवटा : ऑर्डर देण्याआधी आणि घरी नेल्यानंतर

सांगलीकरांना सोंगाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच गावात नाटक उभं केलं, आणि 'अललडुर्र' करत रंगमंचावर घुसणारे राक्षस हे त्या नाटकांचं मोठं आकर्षण होतं. आज मंडळं, शाळा आणि हौशी नाट्यसंस्था आमच्याकडे येतात त्या त्याच राक्षसाच्या मुखवट्यासाठी. फरक इतकाच की आता त्याचे डोळे पेटायला हवेत, जबडा उघडायला हवा आणि जमल्यास कानही हलायला हवेत. हे सगळं होतं. मात्र मुखवटा भिंतीवर टांगायचा नसून कुणीतरी तो दोन-दोन तास डोक्यावर वागवणार आहे, हे धरूनच आम्ही काम करतो. तुम्हीही तसंच धरावं, म्हणून हे पत्रक.

सर्वात आधी सांगा : घालणार कोण?

नृसिंह हवा की रोबो, हे नंतर. घालणारा किती वर्षांचा, चष्मा आहे का, खाली विग किंवा फेटा असणार का, नाचणार की एका जागी उभा राहणार, हे आधी सांगा. भुवयांच्या वरून डोक्याचा घेर मोजून आणा, शक्यतो त्यालाच घेऊन या. आत आम्ही बांधकामावरच्या सेफ्टी हेल्मेटचा पट्टा बसवतो, मागची चकती फिरवली की तो घट्ट-सैल होतो. पट्टा नीट बसला की मुखवटा डोक्याबरोबर वळतो, नाहीतर डोकं वळतं आणि मुखवटा समोरच बघत राहतो. मोठ्या माणसासाठी एक किलोच्या आत आणि शाळेतल्या मुलासाठी अर्ध्या किलोच्या आत वजन ठेवायचं, हा आमचा नियम आहे. मुलांच्या मुखवट्यात जास्त मोटर बसवा असा आग्रह कृपया धरू नका, मानेवर येणारा भार मूल बोलून दाखवत नाही.

पाहायची जागा बहुतेक वेळा मुखवट्याच्या तोंडात असते, आत काळी जाळी लावून. चमकणाऱ्या डोळ्यांतून बाहेर दिसत नाही. डोळ्यांतला उजेड आत सांडला तर घालणाऱ्याला अंधारातली पायरी दिसत नाही, म्हणून दिव्यांच्या मागे आम्ही काळ्या फोमचा बंद कप्पा करतो. पहिल्यांदा घालून पाहाल तेव्हा खोलीतले दिवे मालवून पाहा.

जबडा कसा हलतो

याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते, म्हणून जरा सविस्तर. जबडा दोन बिजागऱ्यांवर लटकलेला असतो. गालाच्या आत सर्वो मोटर (सांगितलेल्या अंशापर्यंत फिरून थांबणारी छोटी मोटर), तिच्या छोट्या दांडीला सायकलच्या स्पोकचा वाकवलेला तुकडा, आणि त्याचं दुसरं टोक जबड्याला. सर्वोला सेकंदाला सुमारे ५० वेळा इशारा जातो. प्रत्येक इशारा साधारण १ ते २ मिलिसेकंदांचा असतो, आणि त्याच्या लांबीवरून मोटर किती अंशांवर थांबायचं ते ठरवते.

आता हिशेब. नृसिंहाचा जबडा १२० ग्रॅमचा आहे आणि त्याचं वजन बिजागरीपासून ८ सेंटिमीटरवर पडतं असं समजा. म्हणजे जवळजवळ एक किलो-सेंटिमीटर (एक सेंटिमीटरवर एक किलो पेलण्याइतकी) ताकद नुसती तो उचलून धरायलाच लागते. बाजारात मिळणारी निळी, ९ ग्रॅमची एसजी९० सर्वो कागदावर १.८ किलो-सेंटिमीटर देते. पण हा आकडा मोटर अडून थांबते त्या क्षणाचा आहे, रोजच्या कामाला त्याच्या निम्माच धरावा. तिचे दातेही प्लॅस्टिकचे असतात, कुणी हौसेनं हातानं जबडा ओढला की ते झिजतात. म्हणून हलक्या जबड्याला आम्ही धातूच्या दात्यांची एमजी९०एस वापरतो. मोठ्या जबड्याला एमजी९९६आर लागते, पण तिचं वजन ५५ ग्रॅमच्या आसपास आहे, ते आधी हिशेबात धरावं लागतं.

दोन्हींत एक गोष्ट आम्ही आवर्जून करतो : जबड्याला मागून इलॅस्टिक लावतो, म्हणजे तो आपोआप मिटलेला राहतो. मोटरला वजन पेलत बसावं लागत नाही, फक्त उघडायचं काम उरतं. याचा नाटकवाल्यांना आणखी एक फायदा आहे. जबडा मिटल्यावर आम्ही सर्वोचा इशारा बंद करतो, त्यामुळे तिची किरकिर थांबते. शांत प्रवेशात ती किरकिर कॉलर माईकमधून शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाते.

आणि हेही सांगतो, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल : फक्त बोलताना जबडा हलायला हवा असेल तर मोटर लागतच नाही. हनुवटीखालून पट्टा घेतला की माणसाच्या तोंडाबरोबर मुखवट्याचं तोंड हलतं. खर्च कमी, वजन कमी, बिघाड जवळपास नाहीच.

आवाजावर आपोआप हलणारा जबडाही आम्ही करून देतो, पण तो फक्त स्टेजसाठी. मिरवणुकीत ढोल-ताशासमोर तो सारखाच उघडझाप करत राहील. तिथे तळहातात लपवलेलं बटणच बरं.

बिघाडाचं मूळ बहुधा विजेत असतं

'मध्येच बंद पडून परत चालू होतो' ही तक्रार आली की मंडळी प्रोग्रॅमला दोष देतात. बहुतेक वेळा प्रोग्रॅम ठीक असतो. एमजी९९६आर अडली की अडीच अँपिअरपर्यंत करंट खेचते. सर्वो आणि मोटर-दिव्यांना हुकूम देणारा कंट्रोलर बोर्ड एकाच बारीक वायरवर असले तर त्या झटक्याला व्होल्टेज पडतं आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून आमच्याकडे आर्डुइनो नॅनो (हाच तो कंट्रोलर बोर्ड) वेगळ्या वायरवर आणि सर्वो वेगळ्या जाड वायरवर असते, दोघांचं निगेटिव्ह मात्र एकत्र जोडलेलं असतं. ते सुटलं तर सर्वो वेड्यासारखी थरथरते. सर्वोजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (झटक्यापुरती वीज साठवणारा) असतो, तो काढू नका. बोर्डाच्या पिनेवरून मोटर थेट चालवू नका, तिथून २० मिलिअँपिअरच्या वर घेणं योग्य नाही.

दिव्यांचा हिशेब सोपा आहे. आम्ही वापरतो ते डब्ल्यूएस२८१२बी जातीचे रंगीत एलईडी पूर्ण पांढऱ्या उजेडात एकेक ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतात. दोन डोळ्यांत सात-सात म्हटले तर जवळपास ८४० मिलिअँपिअर झाले. तेच नुसते लाल ठेवले की एक-तृतीयांश. अंधाऱ्या स्टेजवर लाल रंग एक-तृतीयांश तेजावरही भरपूर दिसतो, वर दुधी अॅक्रिलिक असेल तर दाणे न दिसता डोळा सलग पेटतो. पूर्ण तेजाचा हट्ट सोडा, बॅटरी दुप्पट चालेल.

बॅटरी मुखवट्यात आम्ही ठेवत नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. लिथियमची बॅटरी तापली किंवा पेटली तर ती माणसाच्या डोक्याजवळ असता कामा नये. ती कमरेच्या पट्ट्याला पिशवीत असते, वाटेत ५ अँपिअरचा फ्यूज असतो, आणि मानेमागचा जोड ओढल्यावर सुटणारा असतो. वायर कशात अडकली तर जोड सुटावा, मान ओढली जाऊ नये. शॉक बसेल का, असं पालक विचारतात. ५ व्होल्टनं कोरड्या वा घामेजल्या अंगाला धोका नाही, पण वायर शॉर्ट झाली तर ती तापते, फ्यूज त्यासाठी.

१०,००० एमएएच (किती वीज मावते त्याचा आकडा) लिहिलेली पॉवर बँक ५ व्होल्टवर तेवढं देत नाही, साधारण सहा-साडेसहा हजार धरा. सरासरी एक अँपिअर वापरला तर पाच-सहा तास. शिवाय करंट फार कमी झाला की बहुतेक पॉवर बँका आपण होऊन बंद होतात, आणि मग दुसऱ्या अंकात डोळे पेटत नाहीत. आतला घाम काढायचा छोटा पंखा सतत चालू ठेवला की तीही अडचण बहुधा सुटते.

प्रोग्रॅम बदलायचा असेल तर

मंडळात एखादा आयटीआयचा किंवा इंजिनिअरिंगचा मुलगा असतोच. प्रोग्रॅम आम्ही कुलूप न लावता देतो, जबडा किती अंशांवर उघडायचा-मिटायचा ते आकडे वरच्या चार ओळींत आहेत. जास्त दिवे जोडणार असाल तर एवढं ध्यानात घ्या : नॅनो दिव्यांना माहिती पाठवते तेव्हा बाकी सगळं थांबवते, एका दिव्यामागे ३० मायक्रोसेकंद. दहा-वीस दिव्यांपुरतं निभतं, पुढे सर्वो थरथरू लागते. मग पीसीए९६८५ हा वेगळा सर्वो बोर्ड घ्या, त्यावर सोळा सर्वो चालतात.

गुलाल, पाऊस, पत्र्याची शेड

गुलाल पंख्यातून आत जातो आणि सर्वोच्या दात्यांत बसतो. पंख्यावरचा स्पंज मिरवणुकीनंतर झटका, पाण्यानं धुऊ नका. भाद्रपदातला पाऊस अचानक येतो, बोर्ड डबीत असला तरी वायरींच्या वाटेनं पाणी उतरतं, म्हणून आधी बॅटरीचा जोड काढा आणि मग आडोशाला जा. मुखवट्याचा फोम पेट घेतो. फटाके, मशाल आणि कापराची आरती यांपासून लांब राहा.

उन्हाळ्यात मुखवटा पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत ठेवू नका. थ्रीडी प्रिंटचे काही भाग पीएलए या प्लॅस्टिकचे असतात आणि ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतात, शिंगं वाकली की परत सरळ होत नाहीत. ठेवताना बॅटरी वेगळी काढा, निम्मी चार्ज असू द्या. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नका, आमच्याकडे आणून द्या.

गणपतीसाठी मुखवटा हवा असेल तर आषाढातच या. श्रावणात आलेल्यांना आम्ही नवीन जबडा करून देत नाही, फक्त डोळ्यांचे दिवे बसवून देतो.