भाड्याच्या शिडनौकेवरील स्वयंपाक व खलाशीजीवन

शिडाची नौका, म्हणजे यॉट, काही दिवसांसाठी भाड्याने घेऊन तिच्यावरच राहणे, रांधणे आणि प्रवास करणे याला चार्टर म्हणतात. नुसती नौका घेतली तर ती ‘बेअरबोट’. मग सुकाणूपासून भांडी घासण्यापर्यंत सगळे भाडेकऱ्यांनीच करायचे. कप्तान वेगळे पैसे मोजून मिळतो, पण त्याचे जेवण बहुधा भाडेकऱ्यांकडेच असते. मोठ्या नौकांवर आचारीही असतो आणि तो निघण्याआधीच पाहुण्यांकडून आवडीनिवडींचा तक्ता भरून घेतो. कांदा-लसूण चालत नाही, गुरुवारी उपास असतो, हे त्यात सविस्तर लिहावे. नुसते ‘व्हेज’ लिहून सोडले, तर ताटात मासा यायचा.

पुण्याला समुद्र नसला तरी नौकानयन इथे परके नाही. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र खडकवासल्याच्या जलाशयात, पीकॉक बे भागात, शिडाच्या होड्या चालवायला शिकतात. दापोडीचे सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय लष्कराच्या ज्या कोअर ऑफ इंजिनिअर्सचे, त्याच दलाच्या चमूने १९८५ ते १९८७ या काळात ३७ फुटी ‘तृष्णा’तून पृथ्वीप्रदक्षिणा केली, शिडाच्या नौकेतून भारतीयांनी केलेली ती पहिली. हौशी पुणेकर मात्र मुंबईच्या गेटवेवरून दोन-तीन तासांच्या फेरीने सुरुवात करतो आणि त्या फेरीत घरचा डबा पुरतो. चूल पेटवायची वेळ येते ती ग्रीस, क्रोएशिया किंवा थायलंडच्या आठवड्याच्या सफरीत, नाहीतर मुंबई-गोव्यासारख्या पल्ल्यात. हे अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास आहे. ताशी पाच मैलांच्या चालीने दोन रात्री समुद्रावरच जातात.

नौकेवरच्या स्वयंपाकघराला गॅली म्हणतात. चाळीस फुटी नौकेत ती बहुधा जिन्याच्या पायथ्याशी असते, कारण नौकेच्या मध्याजवळ हेलकावे कमी बसतात आणि वरून थोडा वाराही येतो. शेगडी पक्की बसवलेली नसते. ती दोन बाजूंच्या खिळ्यांवर झुलती टांगलेली असते, त्यामुळे नौका एका अंगावर कलली तरी वरचे पातेले सपाट राहते. शेगडीच्या कडेने उंच कठडा आणि भांडे दोन्हीकडून आवळून धरणारे दांडे असतात. रांधणारा स्वतः मात्र झुलत नाही, तो तिरक्या जमिनीवर उभा असतो. त्याच्यासाठी कमरेमागून अडकवायचा पट्टा असतो आणि शेगडीवर तोल जाऊ नये म्हणून समोर आडवी दांडी.

इथली खरी भीती भाजण्याची. समुद्र खवळलेला असताना उकळते पाणी हाताळणारा माणूस उकाडा सोसूनही वॉटरप्रूफ तुमान अंगावर ठेवतो. चहा हातातल्या कपात ओतायचा नाही. कप सिंकमध्ये ठेवायचा आणि अर्धाच भरायचा. तळण नांगर टाकल्याशिवाय काढायचे नाही. भज्यांचा आग्रह धरणारा एक तरी जण प्रत्येक चमूत निघतो, त्याला हे आधीच सांगून ठेवावे.

गॅसचे नियमही कडक. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर नौकेच्या तळाशी साचून राहतो आणि तिथे इंजिनाची एक ठिणगी पुरते. म्हणून सिलिंडर बाहेरच्या स्वतंत्र कप्प्यात ठेवतात आणि त्या कप्प्याच्या तळाचे भोक थेट समुद्रावर उघडते. रांधून झाले की आधी सिलिंडरचा कॉक बंद करतात, नळीतला उरलेला गॅस जळू देतात आणि मग शेगडीचे बटण फिरवतात.

या अडचणींत मराठी शिदोरी परदेशी मेनूपेक्षा जास्त उपयोगी पडते. तांदळाचा रवा भाजून नेला की दहा मिनिटांत उपमा होतो. मेतकूट, दाण्याची चटणी, गूळपापडी यांना फ्रिज लागत नाही आणि फ्रिज हा बॅटरीवरचा सर्वांत मोठा खादाड असतो. प्रेशर कुकर तर नौकेसाठीच केल्यासारखा आहे: झाकण पक्के बसते, पाणी आणि गॅस दोन्ही वाचतात, भांडे कलंडले तरी खिचडी आतच राहते. साबुदाण्याची खिचडी उपासाला सोडाच, एरवीही सोयीची. जेमतेम पाण्यात भिजवायची, कूट घरून आणायचे, एका कढईत काम. पोळी मात्र इथे जमत नाही. कललेल्या ओट्यावर लाटणे पळते, तव्याला कड नसते आणि खालची केबिन तापून भट्टी होते. त्यापेक्षा गोव्याच्या वाटेवर पहिल्या दोन दिवसांच्या दशम्या आणि पुढे ब्रेड बरा. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे व मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, त्यामुळे तूप आणि पेढे पुण्यातच ठेवावेत.

भाजी मंडईतून घेताना न धुतलेली, फ्रिजमध्ये न ठेवलेली घ्यायची. कोबी, बटाटे, कांदे, दुधी टिकतात. टोमॅटो हिरवट घ्यावेत. केळी इतर फळांपासून लांब टांगावीत, नाहीतर सगळीच एकदम पिकतात. लिंबे भरपूर असावीत. संत्री-लिंबांनी स्कर्व्ही बरी होते, हे जेम्स लिंड याने १७४७ मध्ये जहाजावरच दाखवून दिले होते.

टाकीत तीनशे ते पाचशे लिटर गोडे पाणी असते आणि आंघोळ धरून सगळे त्यातच भागवायचे. म्हणून भांडी आधी समुद्राच्या पाण्याने घासतात, शेवटी गोड्याने विसळतात. बटाटे उकडायला एक भाग खारे, दोन भाग गोडे पाणी घेतले की मीठ लागत नाही. बंदरातले, तेलकट पाणी यासाठी घेऊ नये.

रात्रंदिवस चालणाऱ्या प्रवासात पाळ्या लागतात. जुनी पद्धत चार तासांची. संध्याकाळची एक पाळी दोन-दोन तासांत तोडतात, म्हणजे पहाटेची पाळी रोज त्याच माणसाच्या वाट्याला येत नाही. ज्याच्याकडे त्या दिवशीचा स्वयंपाक, त्याला अनेक चमूंत रात्रीची पाळी माफ असते. ही सवलत रास्त आहे, कारण खाली मान घालून कांदा चिरणाऱ्यालाच नौका सर्वांत आधी लागते. त्याला वर पाठवून क्षितिजाकडे बघत बसवावे, आलेपाक चघळायला द्यावा आणि चाकू दुसऱ्याने हाती घ्यावा. किराण्यासाठी सुरुवातीलाच काँट्री काढतात. बिअर त्यात धरायची की नाही, हा वाद किनाऱ्यावरच मिटवलेला बरा.

शौचालयाचा पंप बहुधा हाताने मारायचा असतो आणि त्याची नळी अरुंद असते. पोटातून आलेले आणि कागद, एवढेच त्यात जावे. बऱ्याच नौकांवर कागदही नाही. तुंबले तर ते उघडायचे काम चमूतल्याच कुणाच्या तरी नशिबी येते.

भूमध्य समुद्रातले आठवड्याचे भाडे सहसा शनिवार ते शनिवार असते. शुक्रवारी संध्याकाळी तळावर परतून डिझेल भरतात, फ्रिज रिकामा करतात. चमचे, ताटल्या, पातेली यादीप्रमाणे मोजून घेतली जातात आणि जे कमी भरेल ते अनामत रकमेतून वळते होते.